पांढरा बिल्ला

जेवणाची पंगत बसायची होती, आणि तेवढ्यात उत्पला रामटेकेला तिसऱ्या माणसाने विचारलं की तुमच्या त्या जनुकवाल्या सुईने पोरगं गोरं होऊन मिळतं का. पहिल्याला तिने चित्र काढून समजावलं होतं. दुसऱ्याला दोन वाक्यांत आटोपलं. तिसऱ्याला ती नुसतं "नाही" म्हणाली. तो माणूस वाईट वाटून न घेता शेजारच्या टेबलाकडे सरकला. तिथे निळा कोट घातलेला एक तरुण येणाऱ्या-जाणाऱ्याला मसाला ताक पाजत होता आणि कोणालाच नाही म्हणत नव्हता.

मेळावा होता वधू-वर परिचयाचा, ब्रह्मपुरीबाहेरच्या एका लॉनमध्ये. दर फेब्रुवारीत समाजाची मंडळी तिथे जमत. मुलं-मुली एकेक करून स्टेजवर चढत, माइकवर नाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा सांगत, आणि खाली बसलेल्या आया मोबाइलमध्ये फोटो काढून घेत. पण या मेळाव्याची एक खास रीत होती. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असायचा. पांढरा म्हणजे रक्तात सिकलसेलचा दोष नाही. पिवळा म्हणजे दोष आहे पण एकेरी. स्वतःला त्रास नाही, मुलांकडे जाऊ शकतो. लाल म्हणजे आजार. पिवळ्याने पिवळ्याशी सोयरीक करायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पत्रिकेला कोणी विचारत नसे, पण बिल्ला बघितल्याशिवाय चहाचा कपसुद्धा पुढे सरकत नसे.

ही रीत रुजवायला उत्पलाने चपला झिजवल्या होत्या. ती जिल्ह्याच्या सिकलसेल केंद्रात जनुक-समुपदेशक होती. हे नाव कोणाच्या जिभेवर बसत नसल्यामुळे लोक तिला सुईवाली ताई म्हणत. लग्नानंतरही तिने माहेरचंच आडनाव ठेवलं होतं. तिचा स्वतःचा बिल्ला पिवळा, नवऱ्याचा पांढरा, आणि दोन्ही मुलं धडधाकट. बिल्ल्याची रीत पाळली की काय होतं याचा नमुना म्हणून ती बिनदिक्कत आपलंच घर सांगायची.

या वर्षी मात्र लॉनमध्ये तिला एकही लाल बिल्ला दिसेना. आधी तिला बरं वाटलं. मग शंका आली. ती नावनोंदणीच्या टेबलाशी गेली आणि सुई घेऊन बरे झालेल्यांना कोणता बिल्ला देता म्हणून विचारलं. तिथली मुलगी हसून म्हणाली, पांढराच की.

इथे थांबून आजार काय आणि सुई काय ते सांगितलं पाहिजे. त्यात अवघड काही नाही, पण ते पुरतं ऐकून घ्यायला कोणाला सवड नसते हेच तर या गोष्टीतलं दुखणं आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असाव्या लागतात. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक झाली की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूस भिंतीवर डोकं आपटतो. जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत चुकीची असली तर पिवळा, दोन्ही चुकीच्या असल्या तर लाल.

सुई ही चूक दुरुस्त करत नाही. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळ वेगळ्या तऱ्हेचं हिमोग्लोबिन बनवतं, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं थांबवतं. सुईतून जाणारे चरबीचे सूक्ष्म थेंब हाडांच्या मगजापर्यंत, जिथे रक्त बनतं तिथवर, पोचतात, त्यांच्यातली रेणूंची कात्री ते थांबवणारं बटण तोडून टाकते, आणि थोराच्या अंगात पुन्हा बाळाचं रक्त बनू लागतं. माणूस बरा होतो, खराखुरा बरा. चुकीचं अक्षर मात्र जिथल्या तिथे असतं. शिवाय ही कात्री मगजापुरतीच घडवलेली. स्त्रीबीजात किंवा शुक्रजंतूंत ती जात नाही, जाऊ नये अशीच तिची रचना आहे. जो अजून जन्माला आला नाही त्याच्या जनुकांत हात घालायचा नाही, असा कायदा आहे.

सुई नवी आली तेव्हा लोक तिला भ्याले. कोणीतरी उठवलं की या सुईने वंश बदलतो, पोरं आपल्यासारखी निपजत नाहीत. उत्पला गावोगाव फिरली आणि घसा फोडून सांगत राहिली की सुई तुमच्या पोरांपर्यंत पोचतच नाही. शेवटी लोकांना पटलं, रांगा लागल्या. मग कोणाच्या तरी डोक्यातून लाल कार्डांची होळी निघाली. बरा झालेला माणूस गावासमोर केंद्राने दिलेलं आपलं जुनं लाल कार्ड आगीत टाकायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आया डोळे पुसायच्या. उत्पलानेही टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या होळीत पहिलं कार्ड तिच्याच धाकट्या भावाचं, संबोधचं होतं.

पण जे जळलं ते संपलं, असा लोकांनी अर्थ काढला. सुईचा अपाय पोरांपर्यंत पोचत नाही, एवढं त्यांनी घरी नेलं. तिचा उपायही पोचत नाही, हे दुसरं अर्धं सभेच्या सतरंजीवरच राहिलं. बरा झालेला माणूस अजूनही आपल्या प्रत्येक मुलाला एक चुकीची प्रत देणारच होता. जोडीदार पांढरा असेल तर मूल पिवळं, बिघडलं काही नाही. जोडीदार पिवळा निघाला तर दर दोन मुलांमागे एक लाल व्हायची भीती. म्हणूनच गेल्या वर्षापर्यंत या मेळाव्यात बरे झालेल्यांच्या लाल बिल्ल्यावर हिरवी टिकली लावत असत, म्हणजे बघणाऱ्याला कळायचं.

ती तणतणत गजभिये सरांकडे गेली. गजभिये सर निवृत्त मुख्याध्यापक, मेळाव्याचे अध्यक्ष, मनाने सज्जन. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं की टिकलीवाल्यांशी कोणी बोलायला तयार होत नाही, मुलं स्टेजच्या मागे रडतात, म्हणून समितीने एकमताने ठरवलं की बरं झालेल्याला डाग ठेवायचा नाही. उत्पला म्हणाली की हा डाग नाही, माहिती आहे. सर म्हणाले, "मॅडम, कार्ड तर तुमच्यासमोरच जाळलं ना आपण? मग आता राख कशाले उकरता?"

वाद घालून उपयोग नव्हता. तिने माइकवर दहा मिनिटं मागितली. सकाळी देतो म्हणाले होते, आता जेवणानंतर देतो म्हणाले. जेवणानंतर लॉनमध्ये कोण जागं असतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती टेबलाकडे परत येत होती, तेवढ्यात माइकवरून ओळखीचा आवाज आला. "जय भीम. मी संबोध रामटेके. सोलर पंपांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर." स्टेजवर तिचा भाऊ उभा होता. नवा शर्ट, भांग पाडलेला, आणि छातीवर स्वच्छ पांढरा बिल्ला.

लहानपणी हाच पोरगा रात्र-रात्र पाय पोटाशी घेऊन कण्हायचा. शाळेत निम्मे दिवस गैरहजर. खेळाच्या तासाला मास्तर त्याला सगळ्यांच्या चपला राखायला बसवायचे. सुई घेतल्यावर वर्षभरात तो गावच्या संघातून कबड्डी खेळला. पहिल्यांदा पकडीत सापडला तेव्हा मैदानात पडल्या-पडल्या हसत होता. त्याला असं ताठ उभं पाहून उत्पलाला भरून आलं, आणि त्याच वेळी तो बिल्ला ओढून काढावासाही वाटला.

संबोध खाली उतरला आणि थोड्याच वेळात एका मुलीशी बोलताना दिसला. दोघं पंख्याजवळ उभे होते. मुलगी उंच होती, केस आखूड. संबोध काहीतरी सांगत होता आणि ती मान मागे टाकून हसत होती. तिच्या ओढणीवर पिवळा बिल्ला होता.

"लुंबिनी खोब्रागडे नाव हाय," उत्पलाची आई देवकाबाई कानाशी येऊन म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी तेवढ्यात सगळी माहिती काढली होती. मुलगी वीज कंपनीच्या उपकेंद्रात ज्युनिअर इंजिनिअर, वडील पोस्टातून निवृत्त, माणसं नेमस्त. संध्याकाळी चहाला बसायचंही ठरत आलं होतं.

उत्पलाने दबक्या आवाजात सांगितलं की तिचा बिल्ला पिवळा आहे.

"मंग? याचा पांढरा हाय न."

"आई, याचा पांढरा नाही. मी तुला किती वेळा सांगितलं."

"पण सुई लागली न त्याले?" देवकाबाई म्हणाल्या.

हे वाक्य उत्पलाने इतक्यांदा ऐकलं होतं की आता तिच्या डोक्यात तिडीकच जायची. आईला तिने चित्रं काढून सांगितलं, दाणे मांडून सांगितलं, एकदा तर रागाच्या भरात भिंतीवर कोळशाने लिहून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक वेळी शेवटी हाच प्रश्न. आईच्या मते मुळात आजार वगैरे काही नव्हताच. संबोध लहानपणी नदीत पडला होता, तेव्हा थंडी हाडात शिरली ती निघालीच नाही, एवढंच. गावात रक्त तपासणीचं शिबिर आलं की देवकाबाई नेमक्या बहिणीकडे जायच्या. घरात गाठलं तर म्हणायच्या, माह्या म्हातारीच्या रक्तात आता काय पाहता. सगळ्या गावाचं रक्त तपासणाऱ्या बाईच्या घरात एक बोट तेवढं तपासायचं राहिलं होतं.

उत्पलाने संबोधला खुणेने बोलावलं आणि भटारखान्याच्या मागे नेलं. तिथे आलू-वांग्याच्या भाजीची मोठी गंजं उतरवून ठेवली होती आणि दोन बायका पोळ्यांच्या चळती कापडात गुंडाळत होत्या.

तिने सरळ विचारलं, तिला सांगितलं का. त्याने नाही म्हटलं. सांगणार आहेस का, तर तो चपलेने माती उकरू लागला. उत्पला म्हणाली की तुला तरी सगळं समजतं, तू काही आई नाहीस. तो म्हणाला की समजतं, म्हणूनच तर सांगवत नाही.

"ताई, स्टेजवरून उतरलो अन् पहिल्यांदा कोणी मले तब्येत नाही विचारली. तिनं विचारलं, पंपाचं पॅनल धुवायले पाणी कुठून आणता. एवढंच. तुले नाही समजणार ते."

"मला समजतं. पण तिला ठरवायचा हक्क आहे, संबोध. तुझ्या पांढऱ्या बिल्ल्यावर विश्वास ठेवून ती बोलते आहे."

त्याने नजर वळवली. मग म्हणाला की त्यावर मार्ग आहे, त्या निळ्या कोटवाल्याशी तो बोलला आहे. ते लोक परदेशात एका बेटावर नेतात, आईबापाचं बीज बाहेर जुळवतात आणि गर्भ पोटात सोडायच्या आधीच ती चूक दुरुस्त करून देतात. मग पोरगं पांढरं, त्याची पोरंही पांढरी. कायमचं.

उत्पलाचा संताप उसळला. जी सुई तपासून-तपासून आणली तिला हीच माणसं वर्षानुवर्षं घाबरली, आणि ज्याची कोणालाच खात्री नाही त्याच्यासमोर ताक पीत उभी राहिली. तिने त्याला सांगितलं की गर्भातली कात्री चुकून दुसरीकडेही कापते, काही पेशींत दुरुस्ती होते आणि काहींत होत नाही, आणि जे बिघडेल ते तुझ्या पोरावर थांबत नाही, त्याच्या नातवंडांपर्यंत जातं. म्हणून तर आपल्याकडे बंदी आहे. एवढं कशाला हवं, गरोदरपणात तपासणी आहे, निरोगी गर्भ निवडून घेता येतो, साधे कायदेशीर मार्ग आहेत. पण त्यासाठी आधी दोघांना खरं माहीत पाहिजे.

"आणि ज्याची जनुकं बदलणार, त्याला कोण विचारणार?" ती म्हणाली.

"मले विचारलं होतं का कोणी?" संबोध म्हणाला. "हे दुखणं घेऊन जन्मतो का म्हणून?"

प्रशिक्षणात या प्रश्नावर एक अख्खा दिवस होता, आणि त्या दिवसातलं एकही वाक्य तिला भटारखान्यामागे आठवेना. तेवढ्यात देवकाबाई शोधत आल्या आणि उत्पलाचा दंड धरून म्हणाल्या की पोराचं चांगलं चाललं आहे तर तू त्यात मिठाचा खडा टाकू नको. उत्पलाने हात सोडवून घेतला. संबोध केंद्राचा नोंदलेला रुग्ण होता. त्याची माहिती तिऱ्हाइताला सांगायची तिला परवानगी नव्हती, मग ती भावाची का असेना. जे बोलायचं ते तिला सगळ्यांसाठी बोलावं लागणार होतं.

बुंदी वाढून झाल्यावर तिला माइक मिळाला. अर्धी माणसं पेंगत होती, उरलेली अर्धी मोबाइलवर सकाळचे फोटो चाळत होती. तिने आजार सांगितला, सुई सांगितली, बाळाचं हिमोग्लोबिन सांगितलं. पहिला हात वर झाला तो एका गृहस्थांचा. त्यांना आपल्या मुलीची उंची वाढवता येईल का ते हवं होतं. दुसऱ्याने विचारलं की सुई घेतलेला माणूस रक्तदान करू शकतो का. त्यातल्या त्यात बरा प्रश्न म्हणून उत्पलाने त्याचं उत्तर सविस्तर दिलं. मग ती माइक ठेवू लागली, तोच मधल्या रांगेतून लुंबिनी उभी राहिली.

"मॅडम, सुई घेतलेल्याला इथे कोणता बिल्ला देतात?"

उत्पलाने गजभिये सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"पांढरा," उत्पला म्हणाली.

"आणि पिवळ्याने त्याच्याशी लग्न केलं तर?"

"तर दर दोन मुलांमागे एकाला आजार होऊ शकतो. सुईने माणूस बरा होतो, त्याची पुढची पिढी नाही."

आता मात्र सगळे जागे झाले. एक बाई ओरडली की मग सुई खोटी का. कोणी म्हणालं, आधी तर सांगत होत्या की पोरांवर काही परिणाम नाही. एका आईने आपल्या मुलाच्या छातीवर पदर धरला, जणू बिल्ला झाकला की प्रश्न मिटतो. गेल्या वर्षी लग्न झालेली काही जोडपी मागून पुढे आली आणि आमचं काय म्हणून विचारू लागली. उत्पला एकेकाला उत्तर देत होती, आणि तिच्या एका उत्तरातून त्यांचे चार प्रश्न फुटत होते. निळ्या कोटवाल्याच्या टेबलाशी गर्दी वाढली.

शेवटी गजभिये सरांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला. त्यांनी सगळ्यांना शांत केलं, मॅडमचे आभार मानले आणि म्हणाले की मॅडमनी आपले डोळे उघडले आहेत, तेव्हा गैरसमज नको, ज्यांनी ज्यांनी सुई घेतली आहे त्या मुलामुलींनी स्टेजच्या डावीकडच्या खुर्च्यांवर वेगळं बसावं, म्हणजे सगळ्यांची सोय होईल.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. आठ वर्षं उत्पला या एका गोष्टीसाठी कोकलत होती. आज लोकांना ती कळली, आणि कळल्याबरोबर त्यांनी तिच्यातून पहिलं काय काढलं, तर वेगळी रांग. ती माइककडे झेपावली तर सरांनी तो दुसऱ्या हातात धरला. तिला त्या क्षणी ते सगळं लॉन, त्यातली माणसं, त्यांचे बिल्ले आणि त्यांची बुंदी, सगळ्याचाच उबग आला.

डावीकडच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. कोणी उठत नव्हतं. मग संबोध उठला. त्याने पांढरा बिल्ला काढून खिशात टाकला, सगळ्यांच्या देखत चालत गेला आणि पहिल्या खुर्चीवर एकटा जाऊन बसला, शाळेत चपला राखायला बसायचा तसा.

लुंबिनीने हे पाहिलं. ती जागची उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. उत्पला जवळच होती, तिला सगळं ऐकू आलं.

"कधी सांगणार होते?"

"तुम्ही हो म्हटल्यावर," संबोध म्हणाला.

"म्हणजे फसवून."

त्याने मान खाली घातली. लुंबिनी उत्पलाकडे वळून म्हणाली की गर्दीत ऐकलेलं तिला पुरत नाही, टेबलावर बसून नीट समजावून सांगा, आणि यांनाही बसवा. तिने अजून काही ठरवलेलं नाही, पण जे ठरवेल ते समजून ठरवेल. देवकाबाई लांबून पाहत होत्या. त्यांनाही तिनेच हाताला धरून आणलं.

टेबलापाशी चार खुर्च्या ओढल्या गेल्या. उत्पलाचा घसा बसला होता. चित्र काढायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिने नोंदणीच्या टेबलावरून बिल्ल्यांचा डबा उचलून आणला आणि प्रत्येकाच्या दोन प्रती म्हणून दोन-दोन बिल्ले मांडले. लाल म्हणजे चुकीची प्रत, पांढरा म्हणजे चांगली. लुंबिनीसमोर एक लाल, एक पांढरा. संबोधसमोर दोन लाल. "याच्याकडून मुलाला लालच मिळणार, कारण याच्याकडे दुसरा नाहीच," ती म्हणाली. "तुमच्याकडून कोणता जाईल ते दर वेळी नाणं उडवल्यासारखं." लुंबिनीने बिल्ले सरकवून स्वतः एकदा करून पाहिलं आणि मान हलवली. सुईने हे बदलत नाही, म्हणजे लाइन चालू झाली पण बिघाड काढलेला नाही, असं ती म्हणाली. उत्पलाला हायसं वाटलं. दिवसभरात एका माणसाला तरी कळलं होतं.

देवकाबाई वाकून बघत होत्या. उत्पला त्यांच्या ठरलेल्या प्रश्नाची वाट पाहत होती आणि आतल्या आत दात आवळत होती. पण देवकाबाईंनी संबोधसमोरच्या दोन लाल बिल्ल्यांवर बोट ठेवलं.

"हे दोन याच्यापाशी आले कुठून?"

"एक बाबांकडून," उत्पला म्हणाली.

"अन् दुसरा?"

उत्पलाला उत्तर येत होतं. कॉलेजात पहिल्यांदा हे कोष्टक मांडलं तेव्हापासून येत होतं. गावोगावच्या आयांना तिने ते सांगितलं होतं, एका दमात, जीभ न अडखळता. आपल्या आईला सांगताना मात्र ती दर वेळी चित्रातल्या बाईला नुसतं "आई" म्हणून पुढे जायची. आणि आई दर वेळी सुईचं विचारायची. तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं. ती कळायच्या अगदी अलीकडे येऊन थांबत होती, दर वेळी, नेमकी त्याच जागी. नदीची थंडी, बहिणीकडे जाणं, म्हातारीचं रक्त, सगळं त्यासाठीच. जळालेल्या कार्डाकडे पाहून सगळ्यांत जास्त रडली होती ती आई, आणि उत्पलाला वाटलं होतं आनंदाने.

"आई, त्यात तुझा काही दोष नाही," उत्पला म्हणाली, आणि हे वाक्य किती पोकळ आहे ते तिला बोलतानाच समजलं.

"मी थंडीले शिव्या देत बसलो," देवकाबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं." संबोधने त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

लुंबिनी टेबलावरच्या आपल्या लाल बिल्ल्याकडे बघत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "आई, तुम्हाला तेव्हा हे कोणी सांगितलं असतं, तर केलं असतं तुम्ही लग्न? याला जन्म दिला असता?"

पलीकडे माइकवरून पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. देवकाबाईंनी आता मान वर करून मुलाकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले, बांगड्या मागे सारल्या आणि डाव्या हाताचं बोट उत्पलासमोर धरलं.

"आधी माह्यं रक्त पाह्य," त्या म्हणाल्या. "मी काय हाय ते मले कळू दे. मंग सांगतो इले."

उत्पलाने पिशवीतून तपासणीचा संच काढला आणि कापसाने ते बोट पुसलं. उत्तर पिवळंच येणार हे तिला पक्कं माहीत होतं. आजवर हजारो बोटांना तिने सुई टोचली होती, पण या बोटाशी सुई नेऊन ती थांबली, आणि आईने दुसऱ्या हाताने तिचा हात धरून तो बोटापर्यंत आणला.